दीर्घकालीन आजार, पथ्य आणि ऑनलाइन सोबत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह, किडनीचा विकार, हृदयविकार, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार), ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार) अशा आजारासोबत वर्षानुवर्षं राहायचं असतं, तेव्हा दिवसातून निदान तीनदा एकच प्रश्न पुढे येतो : आता काय खाऊ? ही उत्तरं अशा लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत. मी आहारतज्ज्ञ नाही. दीर्घकालीन आजार घेऊन जगणारी, आणि रुग्णांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये बराच काळ वावरलेली बाई आहे. त्यामुळे इथे कुठलाही आहार-तक्ता मिळणार नाही. तक्ता हातात पडल्यावर सोबत कुठे शोधायची आणि ती शोधताना कशापासून जपायचं, एवढंच सांगते.

डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला आहे. मग ऑनलाइन आधार कशाला हवा?

काय खायचं आणि काय टाळायचं हे कागदावर असतं. ते रोजच्या जगण्यात कसं बसवायचं, हे त्यावर मावत नाही. कुणी आग्रहाने वाढायला लागलं तर काय बोलायचं? रात्रपाळी असेल तर जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा कशा लावायच्या? पाणी मोजून प्यायचं असताना घशाला कोरड पडली तर काय करायचं? याची उत्तरं त्याच वाटेने गेलेल्या माणसाकडे असतात, आणि ती दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मिळत नाहीत.

माझं सगळं म्हणणं एका विभागणीवर उभं आहे. ‘काय’ आणि ‘किती’ हे आपल्या डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडून घ्यायचं. ‘कसं’ हे सोबत्यांकडून घ्यायचं. ऑनलाइन जगात घोळ होतो तो बहुतेकदा ही अदलाबदल झाल्यामुळे.

‘कसं’ला कमी लेखू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन आजारांच्या स्वव्यवस्थापनाचा एक सहा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. तो चालवतात प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, आणि त्यांतली बरीचशी स्वतः आजारासोबत जगत असतात. पुढे तो ऑनलाइनही आला. त्यातली एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. दर आठवड्याला एकच छोटा, नेमका बेत ठरवायचा. ‘नीट खाईन’ असा नाही, तर ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्रीचं जेवण आठच्या आत’ असा. मग तो जमेल याची खात्री 0 ते 10 मध्ये किती वाटते, हे स्वतःला विचारायचं. उत्तर 7 च्या खाली आलं तर बेत आणखी सोपा करायचा. पुढच्या आठवड्यात काय झालं ते सगळ्यांना सांगायचं. चांगल्या ग्रुपमध्ये हेच, कुणी नाव न देता, आपोआप घडत असतं.

शोधायला सुरुवात कुठून करू?

आधी तुमच्या उपचार करणाऱ्यांनाच विचारा. बऱ्याच रुग्णालयांचे आणि डायलिसिस केंद्रांचे स्वतःचे रुग्णगट असतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. त्यानंतर त्या आजारासाठी काम करणाऱ्या संस्थांकडे वळा. डायबिटीस यूके, सीलिअॅक यूके, क्रोन्स अँड कोलायटिस फाउंडेशन यांसारख्या संस्थांच्या साइटवर आहाराची माहिती तज्ज्ञांकडून तपासलेली असते, आणि रुग्णांना एकमेकांशी जोडून देण्याची सोयही बहुधा असते. नुसती माहिती हवी असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस मोफत आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत.

समाजमाध्यमांवर शोधताना आजाराच्या नावावर थांबू नका. टप्पा आणि उपचारही जोडा : ‘किडनी’ऐवजी ‘डायलिसिस सुरू’ किंवा ‘प्रत्यारोपणानंतर’, ‘डायबिटीस’ऐवजी ‘टाइप 1, इन्सुलिन पंप’. ग्रुप छोटा सापडेल, पण कामाचा सापडेल.

ग्रुप चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

आत गेल्यावर लगेच काही लिहू नका. काही दिवस नुसतं वाचा, आणि कुणी औषधाबद्दल प्रश्न विचारला की खाली काय उत्तरं येतात ते बघा. ‘डॉक्टरांना फोन करा, तोवर डोस बदलू नका’ असं कुणीतरी लगेच लिहीत असेल, तर ती जागा सुरक्षित आहे. ‘मी तर गोळी बंदच केली, मस्त आहे’ यावर टाळ्या पडत असतील, तर बाहेर पडा.

दुसरी खूण म्हणजे अॅडमिन कोण आहेत हे उघड असतं का, आणि ते काही विकतात का. पावडर, चूर्ण, ‘डिटॉक्स’चा कोर्स, सशुल्क मेंबरशिप यांकडे प्रत्येक चर्चा वळत असेल, तर तिथे तुम्ही रुग्ण नसून गिऱ्हाईक आहात. तिसरी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : ज्याला जमलं नाही त्याला तिथे कसं वागवतात. एखाद्याने लिहिलं, की या आठवड्यात पथ्य पाळता आलं नाही, शुगर वाढली. यावर चार जण ‘होतं असं, काय अडलं?’ म्हणून विचारतात, की इच्छाशक्तीवर प्रवचन देतात? जिथे माणूस खरं सांगायला घाबरतो तिथे फक्त यशोगाथा उरतात, आणि त्या वाचून कुणाचंच भलं होत नाही.

साइटवरच्या विश्वासार्हतेच्या मोहरांवर फार विसंबू नका. आरोग्यविषयक साइटना ‘हॉनकोड’ ही मोहर देणारी जिनिव्हाची संस्था 2022 च्या अखेरीस बंद झाली. ती मोहर आजही कुठे दिसली, तर कुणी ती साइट अलीकडे तपासली आहे असा तिचा अर्थ होत नाही. पान कधी अद्ययावत केलं, कुणी लिहिलं, पैसे कुठून येतात, एवढं बघा.

माझाच आजार असलेल्या माणसाला एक आहार लागू पडला. तो मला का चालणार नाही?

कारण नाव एक असलं तरी आजार एक नसतो. किडनीच्या विकाराचंच घ्या. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टर बऱ्याचदा प्रथिनं कमी करायला सांगतात. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेह नसलेल्या, आजार स्थिर असलेल्या रुग्णांसाठी हे प्रमाण देखरेखीखाली दर किलो वजनामागे रोज 0.55 ते 0.60 ग्रॅम इतकं खाली आहे. डायलिसिस सुरू झालं की त्याच सूचना 1.0 ते 1.2 ग्रॅम सांगतात, म्हणजे जवळपास दुप्पट. आता एकाच ‘किडनी ग्रुप’मध्ये हे दोघे शेजारी बसून एकमेकांना सल्ला देताहेत, असं डोळ्यांसमोर आणा. दोघेही मनापासून बोलताहेत, दोघेही स्वतःपुरते बरोबर आहेत, आणि तरीही एकाचा सल्ला दुसऱ्याला अपाय करेल.

‘आरोग्यदायी’ म्हणून सगळीकडे फिरणाऱ्या याद्यांचंही तेच. अख्खी धान्यं, सुका मेवा, भरपूर फळं हे बहुतेकांना चांगलं. पण रक्तात पोटॅशियम किंवा फॉस्फरस वाढलेलं असेल, तर यांतलं बरंच काही मोजून खावं लागतं. क्रोन्समुळे आतडं एखाद्या ठिकाणी अरुंद झालं असेल, तर चोथा अडकून आतडं बंद पडण्याचा धोका असतो. त्या माणसाला ‘फायबर वाढवा’ म्हणणं घातक आहे. सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार) किंवा कर्करोगात वजन उतरणं हीच मोठी अडचण असते, आणि आजूबाजूला जो तो वजन घटवायच्या युक्त्या सांगत असतो.

शुगरचे आलेख टाकायची पद्धत आता बरीच वाढली आहे. दंडावरच्या सेन्सरचा आलेख, आणि खाली ‘हे खा, बघा रेघ किती सपाट’. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2015 मध्ये 800 जणांच्या रक्तातल्या साखरेवर सलग लक्ष ठेवलं, तेव्हा तोच पदार्थ खाऊन वेगवेगळ्या माणसांची साखर अगदी वेगवेगळी वाढल्याचं दिसलं. दुसऱ्याची सपाट रेघ ही दुसऱ्याची आहे. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की असं स्वतःवर मोजून बघता येतं.

मला दोन आजार आहेत आणि दोन ग्रुप उलटसुलट सांगतात. कुणाचं ऐकू?

दोघांपैकी कुणाचंच नाही. ही गाठ आहारतज्ज्ञांनीच सोडवायची असते. शुगर अचानक उतरली तर फळांचा रस प्या, हा मधुमेहाच्या ग्रुपमधला नेहमीचा आणि योग्य सल्ला. पण सोबत किडनीचा विकार असेल, तर पोटॅशियम जास्त असलेल्या संत्र्याच्या रसाऐवजी ग्लुकोजच्या गोळ्या बऱ्या. दोन्ही आजारांची पथ्यं एकत्र बसवलेला एकच कागद मागून घ्या. ‘हा मधुमेहाचा, तो किडनीचा’ असे दोन कागद घेऊन घरी येऊ नका. आणि दोन्ही आजार असलेली माणसं शोधा. ती असतात, फक्त एखाद्या मोठ्या ग्रुपच्या कोपऱ्यात असतात.

ऑनलाइन वाचून स्वतःहून कधीच करू नयेत अशा गोष्टी कोणत्या?

जिथे औषध आणि अन्न एकमेकांना भिडतात, त्या सगळ्या. नेहमी समोर येणाऱ्या काही सांगते.

मिठाला पर्याय म्हणून मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी अशक्त असेल, किंवा बीपीसाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ते गाठायला आधी मीठच कमी करावं, आणि पर्यायी मीठ डॉक्टरांना विचारून.

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना ‘पालेभाज्या बंद करा’ असं सर्रास सांगितलं जातं. खरी गरज सातत्याची असते. व्हिटॅमिन के दर आठवड्याला साधारण सारखं पोटात गेलं, की त्यानुसार डोस बसवता येतो. एकदम भाज्या सोडल्या किंवा एकदम वाढवल्या, तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं मोजमाप) हलतो.

इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कुणाचं बघून लांबलांब उपास सुरू केले, तर शुगर 70 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेताना कर्बोदकं जवळपास बंद केली, तर कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा, धोका वाढतो. आणि तेव्हा शुगर फारशी वाढलेली नसल्यामुळे तो लक्षातही येत नाही. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट चालत नाही, कारण आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम ते अडवतं आणि रक्तातली औषधाची मात्रा वाढते. किडनीच्या रुग्णांनी स्टारफ्रूट अजिबात खाऊ नये. त्यातलं विष मेंदूपर्यंत पोहोचतं. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची.

आणखी एक, जिच्यामुळे बऱ्याच जणांचं निदानच लांबतं. सीलिअॅकची शंका असेल तर तपासणीआधी ग्लुटेन सोडू नका. सोडलंत तर रक्ततपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.

‘आहाराने आजार मुळापासून बरा झाला’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा का?

बेल गिब्सन हे नाव लक्षात ठेवा. मेंदूचा कर्करोग आपण अन्नाने आणि पर्यायी उपचारांनी आटोक्यात ठेवला, असं सांगून या ऑस्ट्रेलियन बाईने मोठा चाहतावर्ग जमवला, अॅप काढलं, पुस्तक काढलं. तिला कर्करोग कधी नव्हताच, हे 2015 मध्ये तिनेच कबूल केलं. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाने तिला दंड ठोठावला. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत खरोखरचे कर्करोगी होते, याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

पण म्हणून अन्नाने काहीच होत नाही असंही म्हणू नये. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींचा आखीव आहार दिला, आणि वर्षाअखेर त्यांतल्या 46 टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. हे खरं आहे आणि आशा वाटावी असं आहे. मात्र निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे रुग्ण त्यात होते आणि सगळं देखरेखीखाली चाललं होतं. निम्म्याहून जास्त लोकांना ते साधलं नाही, हेही त्याच चाचणीने सांगितलं. प्रामाणिक दावा असा असतो : कुणाला, किती जणांना, कुठल्या अटींवर, हे तो सांगतो.

ऑनलाइन आहारतज्ज्ञ निवडताना काय बघू?

पदवी आणि नोंदणी. ‘डायटिशियन’ म्हणवून घ्यायला अनेक देशांत ठरावीक शिक्षण आणि नोंदणी लागते. ‘न्यूट्रिशनिस्ट’, ‘हेल्थ कोच’, ‘वेलनेस एक्स्पर्ट’ या पाट्या बऱ्याच ठिकाणी कुणीही लावू शकतं. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. पहिल्याच भेटीत त्यांनी औषधांची यादी आणि ताजे रिपोर्ट मागितले नाहीत, तर दुसरी भेट ठरवू नका.

एआय चॅटबॉटला विचारलं तर?

कठीण शब्दाचा सोपा अर्थ, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी, ठरलेल्या पथ्यात आठवड्याचे पदार्थ बसवणं, एवढ्यापुरतं ठीक. ‘काय बंद करू, काय सुरू करू’ यासाठी नको. 2025 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका साठीच्या गृहस्थांची हकिकत आली. आहारातून क्लोराइड घालवायचं म्हणून त्यांनी चॅटबॉटशी बोलून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरलं, आणि ब्रोमाइडची विषबाधा होऊन भ्रम होऊ लागले तेव्हा ते रुग्णालयात पोहोचले. त्याआधी 2023 मध्ये अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला आपला चॅटबॉट बंद करावा लागला, कारण मदत मागणाऱ्यांना तो वजन उतरवायचे सल्ले देत होता.

रिपोर्ट ग्रुपवर टाकू का?

नाव, वय, रुग्णालयाचा क्रमांक, बारकोड झाकल्याशिवाय नाही. शक्यतो फोटो टाकूच नका, हवा तो आकडा लिहा. बंद ग्रुप म्हणजे गुप्त ग्रुप नव्हे : 2018 मध्ये उघड झालं, की फेसबुकवरच्या बंद आरोग्य-ग्रुपांच्या सदस्यांची नावं बाहेरच्यांनाही मिळवता येत होती. डॉक्टरांवर गोपनीयतेचं जे बंधन असतं, ते ग्रुपमधल्या शेजाऱ्यावर नसतं. नोकरी, विमा, लग्न यांच्या संदर्भात जे कुणाला कळू नये असं वाटतं, त्यासाठी टोपणनावाचं खातं वापरा.

ग्रुपमध्ये गेल्यापासून मला खायचीच भीती वाटायला लागली आहे.

हे तुम्ही बोललात, बरं झालं. हे अनेकांचं होतं आणि फार थोडे सांगतात. रोज कुणीतरी एखादा पदार्थ ‘विष’ ठरवतं, आपण तो सोडतो, आणि यादी आकसत जाते. क्रोन्स किंवा इरिटेबल बाउल (पोट वारंवार दुखण्या-बिघडण्याचा विकार) असलेल्यांत हे फार दिसतं, कारण खाल्ल्यावर त्रास झाल्याचा अनुभव खरा असतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेला लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं टाळण्याचा) याचं चांगलं उदाहरण आहे. त्यातला कडक टप्पा फक्त दोन ते सहा आठवड्यांचा. पुढे एकेक पदार्थ परत आणून, काय सोसतं ते बघायचं असतं. कितीतरी माणसं पहिल्या टप्प्यातच वर्षानुवर्षं अडकून राहतात, कारण परत आणायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

जेवणाआधी छातीत धडधडणं, लोकांसोबत जेवायचं टाळणं, वजन घटत जाणं, शुद्ध-अशुद्धाचा विचार दिवसभर डोक्यात राहणं, वजन कमी व्हावं म्हणून इन्सुलिन चुकवणं, यांपैकी काही होत असेल तर ग्रुप म्यूट करा आणि डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन चुकवत असाल तर आजच बोला. तुमच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही यात. पथ्याचा आजार घेऊन जगणाऱ्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो.

थकवा इतका असतो की स्वयंपाकच होत नाही.

ग्रुप सगळ्यांत जास्त कामाला येतात ते इथेच. बसून चिरणं, बऱ्या दिवशी दुप्पट करून फ्रीजरमध्ये ठेवणं, चिरलेल्या गोठवलेल्या भाज्या वापरणं, भांडी कमी लागतील असा बेत, वाईट दिवसासाठी न शिजवता खाता येईल असं काहीतरी हाताशी ठेवणं. हात दुखत असतील तर कुठली बाटली उघडते आणि कुठली उघडत नाही, हे संधिवाताच्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. गोठवलेली भाजी वापरणं म्हणजे आळस, असं कुणी म्हणालं तर तिकडे दुर्लक्ष करा.

आजार आईला आहे, ग्रुपमध्ये मी जाऊ का?

जरूर जा, पण काळजी घेणाऱ्यांसाठी वेगळा ग्रुप मिळाला तर तो निवडा. आईच्या पानावर लक्ष ठेवणं आणि आईला आधार देणं यांतली रेषा फार बारीक असते, आणि तिथली माणसं त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. आईची माहिती तिला विचारल्याशिवाय टाकू नका. तिथे वाचलेलं घरी येऊन तिला सुनावूही नका. ‘आज काय खावंसं वाटतंय?’ इथून सुरुवात करा.

कुठल्या वेळी ग्रुपवर पोस्ट टाकत बसू नये?

छातीत दुखणं, श्वास लागणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, सतत उलट्या, काळी शौच, पोट फुगून गॅस आणि शौच दोन्ही बंद होणं. तेव्हा थेट रुग्णालय. शुगर 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत, गिळू शकत असेल, तर आधी 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

ऑनलाइन वाचलेलं डॉक्टरांपुढे काढलं की ते वैतागतात.

काही वैतागतात, खरं आहे. विचारायची पद्धत बदलून बघा. ‘मी असं वाचलंय, ते करू का?’ याऐवजी ‘माझं ताजं पोटॅशियम इतकं आहे आणि ही गोळी चालू आहे, अशात हा बदल मला सोसेल का?’ असं विचारा. एका भेटीला दोनच प्रश्न, लिहून न्या. तीन-चार दिवसांच्या खाण्याची खरी नोंद सोबत न्या, बिघडलेल्या दिवसांसकट. मिळालेलं उत्तर त्यांच्यासमोरच लिहून घ्या आणि एकदा वाचून दाखवा. तरीही एखादे डॉक्टर आहाराबद्दल बोलायलाच तयार नसतील, तर त्यांच्याकडून आहारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी मागा. ती बहुतेक जण देतात.